परवाना नको, पण हेल्मेट हवेच

दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत मुलांसाठी गाडी घेण्याचा विषय निघतो. क्लास लांब असतो, बस वेळेवर मिळत नाही, रोजची रिक्षा परवडत नाही आणि मुलाला अठरा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षे असतात. अशा वेळी ‘परवाना नको, नोंदणी नको, हेल्मेटची सक्ती नाही’ अशी पाटी लावलेले ई-बाइकचे दुकान पालकांना मोठा आधार वाटते. ही पाटी सरसकट खोटी नसते. मात्र ती नेमक्या कोणत्या गाडीला लागू होते, हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही आणि दुकानदार सांगत नाही. शिवाय कायद्याची सक्ती नाही म्हणजे धोकाही नाही, असा सोयीस्कर समज त्यातून पसरतो. आरोग्याच्या दृष्टीने तो अधिक घातक आहे.

घोळ नावापासूनच सुरू होतो. आपल्याकडे ‘ई-बाइक’ या एकाच शब्दात तीन वेगळी वाहने मोडतात. पहिले, पायडल मारताना मोटारची मदत मिळणारी सायकल. दुसरे, स्कूटरसारखी दिसणारी पण कमी वेगाची गाडी. तिसरे, पेट्रोलच्या दुचाकीइतक्याच वेगाने पळणारी, हिरव्या नंबरप्लेटची विजेवरची स्कूटर किंवा मोटारसायकल. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिलेल्या ‘ई-बाइक टॅक्सी’ याच तिसऱ्या प्रकारातल्या. तिला नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट हे सगळे नियम लागू आहेत. सवलत आहे ती पहिल्या दोन प्रकारांना, आणि तीही अटींवर.

या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिलेल्या आहेत. मोटारची शक्ती पाव किलोवॉट, म्हणजे २५० वॉटच्या मर्यादेत हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी वगळता गाडीचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. योग्य ब्रेक हवेत आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक हवा. पायडलच्या सायकलला आणखी एक अट आहे. वेग २५ कडे जाऊ लागला की मोटारची मदत कमी होत बंद पडली पाहिजे, आणि पाय थांबले तर त्याआधीच. एवढे सगळे अधिकृत चाचणी संस्थेने तपासून मान्य केले, तरच ती गाडी कायद्याच्या भाषेत ‘मोटार वाहन’ ठरत नाही. अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, एआरएआय, पुण्यातच आहे. तेव्हा दुकानदाराच्या शब्दापेक्षा त्या मॉडेलचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. ते दाखवता आले नाही, तर सवलतीची पाटी तिथेच निकालात निघते.

ताशी २५ किलोमीटर हा आकडा महत्त्वाचा का, हे साध्या गणिताने कळते. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते. समोर काही आले हे मेंदूला कळून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत एक सेकंद गेला, असे धरले आणि ब्रेक बऱ्यापैकी लागले, तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. हाच वेग ५० असेल, तर थांबायला ३३ मीटरच्या आसपास लागतात. गल्लीच्या तोंडाशी अचानक आलेले मूल या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत असेल, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

म्हणजे २५ च्या आत सगळे सुरक्षित, असे मात्र नाही. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. तेवढ्या उंचीवरून डोके थेट जमिनीवर आपटले, तर त्या क्षणी त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळपास असतो. हे गाडी जागच्या जागी कलंडली तरी घडते. कवटी कठीण असते, पण आतला मेंदू मऊ. आपटताना कवटी एकदम थांबते आणि मेंदू आतून तिच्यावर आदळतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चेपला जातो आणि थांबण्याची क्रिया काही सहस्रांश सेकंदांनी लांबवतो. मार तेवढाच, पण तो डोक्यावर बसतो हळू आणि पसरून. दुचाकीस्वारांवरील अभ्यासांच्या कोक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांनी जीव गमावला. त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४.५ टक्के होते. कमी वेगाच्या गाडीला कायद्याने हेल्मेटमधून सूट दिली असली, तरी गुरुत्वाकर्षणाने दिलेली नाही.

खरी गडबड होते ती ‘लॉक काढून देतो’ या दुकानदाराच्या वाक्यानंतर. मोटारला किती वीज द्यायची, हे गाडीतला कंट्रोलर ठरवतो. त्यात फेरफार केला की २५ ची गाडी ४० किंवा ४५ ने पळू लागते. ब्रेक, टायर, सस्पेन्शन आणि बॅटरी मात्र २५ च्याच हिशेबाने बसवलेली असतात. आदळण्याची ऊर्जा अडीचपटीहून जास्त होते आणि थांबवणारी यंत्रणा तीच राहते. जादा वीज खेचल्याने बॅटरी व तारा अधिक तापतात, तो धोका वेगळा. अशा बेकायदा बदलांवर कारवाई करण्याचे आदेश राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये दिले होते.

लॉक काढल्याक्षणी कायद्याच्या नजरेत ती गाडी बदलते. ती आता बिनानोंदणीची, बिनाविम्याची मोटार असते आणि चालवणारा बिनापरवान्याचा. बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात आहे. चालवणारा अल्पवयीन असेल, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवानाही मिळू शकत नाही. याहून जड असते ती भरपाई. अशा गाडीने कुणाला कायमचे अपंगत्व आणले, तर विमा कंपनी पाठीशी नसते आणि रक्कम घरातूनच द्यावी लागते. दुकानदाराने हौसेने काढून दिलेले लॉक एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाला असे महागात पडू शकते.

या वाहनांवर सरसकट बंदी घालावी, असा याचा अर्थ नाही. पायडलच्या ई-सायकलचा आरोग्याला खरा उपयोग आहे. मोटार मदतीला असली तरी पाय चालतात, श्वास थोडा वाढतो आणि मध्यम तीव्रतेचा व्यायाम घडतो. असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे व्हावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चढामुळे किंवा गुडघ्यांमुळे सायकल सोडलेल्यांना ती पुन्हा रस्त्यावर आणू शकते. नुसती मूठ पिळून पळणाऱ्या गाडीत हा लाभ शून्य. ज्येष्ठांनी मात्र जास्त जपायला हवे. हाडे ठिसूळ असतील, तर साध्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डोक्याला लागलेला किरकोळ वाटणारा मारही आतल्या रक्तस्रावामुळे गंभीर ठरू शकतो. अशा मारानंतर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपल्या नियमाची उणीव अशी की तो वाहन मोजतो आणि माणसाला विसरतो. या गाड्यांसाठी किमान वय ठरलेले नाही, हेल्मेटची सक्ती नाही आणि त्रयस्थ पक्ष विमाही नाही. त्यामुळे नियमात बसणाऱ्या गाडीने धडक दिलेल्या पादचाऱ्यालाही विम्यातून भरपाई मिळण्याचा नेहमीचा रस्ता उरत नाही. इतरत्र हा विचार झाला आहे. जर्मनीत २५ पर्यंत मदत देणारी पायडलची ई-सायकल ही सायकलच मानतात, पण ४५ पर्यंत जाणारीला विम्याची प्लेट, परवाना आणि हेल्मेट लागते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात तीन वर्ग आहेत. ताशी ४५ किलोमीटरपर्यंत मदत देणाऱ्या तिसऱ्या वर्गासाठी किमान वय १६ आहे आणि हेल्मेट सर्वांना सक्तीचे. १८ वर्षांखालील मुलांना तर कोणत्याही वर्गाच्या ई-सायकलवर हेल्मेट घालावेच लागते. प्रत्येक सायकलवर वर्ग, कमाल वेग आणि मोटारची शक्ती सांगणारी पट्टीही चिकटवलेली असते.

आपल्याकडे निदान ही पट्टी तरी तातडीने सक्तीची व्हावी. वाहतूक पोलिसाला आणि पालकाला गाडी कोणती, हे पाहताक्षणी कळले पाहिजे. कमी वेगाच्या गाड्यांना किमान वय आणि हेल्मेट लागू करण्यासाठी केंद्राने नियमांत दुरुस्ती करायला हवी. लॉक काढून देणाऱ्या दुकानांवरची कारवाई मोहिमेपुरती न राहता नियमित हवी, कारण रस्त्यावर एकेका मुलाला अडवण्यापेक्षा दुकानातले एक हत्यार बंद करणे सोपे असते. हे होईपर्यंतचे काम घरांनी करायचे आहे. प्रमाणपत्र पाहूनच गाडी घ्यावी, लॉकला हात लावू नये आणि तिच्याबरोबरच आयएसआय चिन्हाचे, डोक्याच्या मापाचे हेल्मेट विकत घेऊन त्याचा पट्टा रोज लावला जातो का, हे पाहावे. गाडीच्या किमतीत त्याचा खर्च अगदी थोडा असतो.