पाहुणे आपले, अंगण कुणाचे?

देवगडला माझ्या मामेभावाची हापूसची बाग आहे. दलालाकडे पेट्या देण्याऐवजी थेट गिऱ्हाइकाला आंबा पाठवावा, म्हणून त्याने वेबसाइट काढली. तिच्यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ ठेवायचा होता. त्यात मामा कलमाखाली उभे राहून सांगतात, खरा हापूस कसा ओळखावा, पेंढ्यात कसा लावावा, कापावा कधी. हापूसच्या नावाने भलताच आंबा पेटीतून निघण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. तेव्हा हा व्हिडिओ निव्वळ शोभेचा नव्हता. तो गिऱ्हाइकाला दिलेला शब्द होता.

"ताई, साइटवर टाकला की झालं!" भाऊ म्हणाला, आणि त्याने टाकलाही. दोन दिवसांत चारशे जणांनी तो पाहिला आणि साइट बंद पडली. तीही ऐन एप्रिलात! जिच्याकडून साइटसाठी जागा घेतली होती, त्या कंपनीने कळवले की, महिन्याची मर्यादा संपली.

हिशेब साधा होता, पण आम्ही तो आधी मांडला नव्हता. चांगल्या चित्रणाला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात. म्हणजे दोन मिनिटांची फाइल ७५ मेगाबाइटची. चारशे जणांनी पाहिली की ३० गिगाबाइट. स्वस्तातल्या जागेला हा भार पेलत नाही. शिवाय अशी एकच फाइल ठेवली की, ज्याच्या मोबाइलला रेंज कमी त्याच्याकडे चित्र अडकते आणि गिऱ्हाइक कंटाळून निघून जाते.

मग यूट्यूब. २००५ साली सुरू झालेल्या या ठिकाणी पैसे पडत नाहीत. कितीही लोक आले तरी चालतात आणि ज्याच्या त्याच्या रेंजप्रमाणे लहानमोठी प्रत दाखवली जाते. अनोळखी माणसाला आपण सापडतो, हा फायदा आणखी मोठा. पण ते अंगण दुसऱ्याचे! आपल्या साइटवर लावलेला व्हिडिओ संपल्यावर येणाऱ्या इतर व्हिडिओंच्या शिफारशी पूर्ण बंद करण्याची सोय २०१८ साली गेली. आता फार तर आपल्याच चॅनेलचे दाखवा, एवढे सांगता येते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत, आणि पुढे इतरत्रही, असा नियम आला की, चॅनेलवाल्याला वाटा न देताही त्याच्या व्हिडिओवर जाहिरात दाखवता येईल. म्हणजे मामांनी तोंड उघडण्याआधी दुसऱ्याच्याच मालाची दवंडी पिटली जायची!

तिसरा मार्ग भाड्याच्या गाळ्याचा. विमिओसारख्या सेवा पैसे घेतात, भार पेलतात आणि आपल्या व्हिडिओवर परक्या जाहिराती आणत नाहीत. मात्र भाडे थकले की गाळा जातो आणि गर्दी फार वाढली तर भाडेही वाढते.

यातले स्वस्त कोणते, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचे ते हे की, आपल्याकडे येतो आहे कोण? शोधत फिरणाऱ्यासाठी यूट्यूब उत्तम. पण जो खरेदीच्या पानापर्यंत आला आहे, ज्याचा हात खिशाकडे गेला आहे, त्याला परक्याच्या अंगणात कशाला न्यायचे? तिथे भाड्याचा गाळाच बरा. आम्ही तसेच केले आणि पुढचा हंगाम सुरळीत गेला.

पण खरा धडा त्यानंतर मिळाला. त्या पावसाळ्यात मामा गेले. चित्रीकरणाच्या दिवशी ते बागेत अर्धा तास बोलले होते, मोहोराबद्दल, आजोबांनी लावलेल्या पहिल्या कलमाबद्दल. त्यातली दोन मिनिटे आम्ही कापून घेतली आणि बाकीचे, मोबाइलमध्ये जागा अडते म्हणून, पुसून टाकले. आता उरली आहे ती साइटसाठी लहान केलेली प्रत.

२०२० च्या जूनअखेर सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथे वर्षानुवर्षे जमवलेला प्रेक्षक अनेकांच्या हातून एका रात्रीत गेला. दुसऱ्याच्या अंगणाचे असेच असते. आमचे मात्र अंगणात काही गेले नाही. जे गेले ते आमच्याच घरातून गेले.

म्हणून आता कुणी विचारले की, व्हिडिओ कुठे ठेवू, तर मी सांगते, आधी घरात ठेवा. मूळ, न कापलेला, दोन डिस्कवर. एक आपल्याकडे, एक बहिणीकडे. मग अंगण हवे ते निवडा.