विश्लेषण : जुन्या मॅन्युअल लेन्सना पुन्हा मागणी, पण फिल्म कॅमेऱ्यासाठी नेमकी कोणती घ्यावी?

रीकोने जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा फिल्म कॅमेरा आणला आणि समाजमाध्यमांवर फिल्मची चर्चा पुन्हा रंगली. त्याआधी २०२२ मध्ये लायकाने एम ६ नव्याने बाजारात आणला होता. मात्र पेंटॅक्स १७ ची लेन्स बदलता येत नाही आणि लायका बहुतेकांच्या खिशाला परवडत नाही. निकॉननेही एफ ६ चे उत्पादन २०२० मध्ये थांबवले. त्यामुळे लेन्स बदलता येणारा फिल्म एसएलआर हवा असेल, तर जुन्या बाजारातच जावे लागते. तिथे ‘उत्तम स्थितीत, मिररलेसवर तपासलेली’ अशी जाहिरात हमखास दिसते. फिल्मवर काम करणाऱ्याने नेमके याच ओळीपासून सावध राहायला हवे.

मागणी कुठून आली?

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने माउंट आणि सेन्सर यांच्यातील अंतर कमी असते. सोनीच्या ई माउंटमध्ये ते १८ मिमी आहे, तर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी. मधली जागा अ‍ॅडॉप्टरने भरली की जवळपास कोणतीही जुनी लेन्स चालते. त्यामुळे कपाटात पडून राहिलेल्या लेन्सना अचानक गिऱ्हाईक मिळाले. पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरवणारी सोव्हिएत ‘हेलिऑस ४४’ हे त्याचे ठळक उदाहरण. आता फिल्मवाल्याला याच डिजिटल ग्राहकांशी स्पर्धा करावी लागते.

फिल्म कॅमेऱ्यावर काय अडते?

फिल्म एसएलआरला ही मोकळीक नाही. एम ४२ या स्क्रू माउंटचे अंतर ४५.४६ मिमी आहे आणि पेंटॅक्सच्या के माउंटचेही तेवढेच. म्हणून एम ४२ लेन्स साध्या रिंगने पेंटॅक्सवर बसते. तीच लेन्स निकॉनवर लावली तर फिल्मपासून एक मिमी जास्त दूर जाते आणि लांबचा डोंगर कधीच स्पष्ट येत नाही. म्हणजे आधी बॉडी ठरवायची आणि मग त्याच माउंटची लेन्स शोधायची.

निकॉनमध्ये आणखी एक खोच आहे. १९७७ मध्ये एआय पद्धत आली. त्याआधीची मूळ अवस्थेतील लेन्स आपल्याकडच्या लोकप्रिय एफएम २ वर जबरदस्तीने बसवली तर कॅमेऱ्याचेच नुकसान होऊ शकते. एआय लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगवर आकड्यांची दुसरी, बारीक ओळ असते. ती पाहून घ्यावी.

‘मिररलेसवर तपासलेली’ पुरेसे का नाही?

एसएलआरमध्ये फ्रेम पाहताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असते. बटण दाबताच पाती क्षणार्धात ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटली पाहिजेत. पात्यांवर तेल आले असेल तर ती रेंगाळतात आणि फोटो जास्त उजळ येतो. मिररलेसवर अ‍ॅडॉप्टरने लावलेल्या लेन्सची पाती आधीच मिटवून ठेवलेली असतात, त्यामुळे हा दोष तिथे कळतच नाही. फिल्मवर तो कळतो ३६ फ्रेम धुऊन आल्यावर, फिल्मचे आणि डेव्हलपिंगचे पैसे गेल्यावर. म्हणून लेन्सच्या मागची पिन किंवा तरफ बोटाने हलवून पाती झटकन मिटतात आणि उघडतात का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. (‘हेलिऑस ४४-२’ मध्ये ही स्वयंचलित सोयच नाही, दर वेळी रिंग हाताने फिरवावी लागते. रीलवर हे कुणी सांगत नाही.)

बुरशी आणि पिवळेपणा

मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागणे नवे नाही. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशी काचेवरचा लेप खाते. साफ केल्यावरही डाग राहू शकतो. चार-दोन धूलिकणांनी मात्र काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यापेक्षा मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त त्रास देतो.

पेंटॅक्सच्या काही ‘टाकुमार ५० मिमी एफ/१.४’ लेन्समध्ये थोरियमयुक्त काच आहे. ती कालांतराने पिवळी पडते आणि रंगीत फिल्मवर पिवळसर झाक येते. अतिनील प्रकाशात ठेवल्यास हा रंग बराच उतरतो.

मग पहिली लेन्स कोणती?

एफ/१.४ च्या मोहात पडण्याचे कारण नाही. बॉडी ज्या कंपनीची, तिचीच ५० मिमी एफ/१.८ किंवा एफ/२ पुरे: कॅनन एफडी, ऑलिंपस ओएम, पेंटॅक्स-एमची एफ/१.७ किंवा निकॉनची ‘सिरीज ई’. या लेन्स भरपूर बनल्या, म्हणून निवडीला वाव आहे. व्ह्यूफाइंडरही पुरेसा उजळ राहतो. एफ/४ किंवा त्याहून मंद लेन्सवर फोकससाठीची मधली दुभंगलेली चकती काळवंडू लागते.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारसारख्या ठिकाणी लेन्स हातात घेऊन पाहता येते. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून दोन छोटे व्हिडिओ मागवावेत: एक पाती मिटतानाचा, दुसरा टॉर्च लावलेला.