भूल दिली आहे, मग ब्लॉक कशाला?

'रुग्ण गाढ झोपलाय, त्याला काही कळत नाही. मग पोटाच्या नसा वेगळ्या बधिर करण्याचा, म्हणजे ब्लॉकचा, खटाटोप कशाला?' ऑपरेशन थिएटरमध्ये हा सवाल आजही ऐकू येतो. त्याच्या मागोमाग आणखी तीन आक्षेप येतात : वेळ जातो, धोका असतो आणि एवढे करूनही दुखतेच. चारही तपासून पाहू.

संपूर्ण भूल मेंदूला झोपवते; कापलेल्या जागेहून निघणारे वेदनेचे संदेश ती अडवत नाही. ते मज्जारज्जूपर्यंत पोहोचतच राहतात. म्हणून तर सुरी लागताच झोपलेल्या रुग्णाचीही नाडी वाढते, रक्तदाब चढतो आणि भूल वाढवावी लागते. अमेरिकन सर्जन जॉर्ज क्राइल यांनी हे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. भूल दिलेल्या रुग्णाचीही छेदाची जागा ते आधी बधिर करत. १९१४ साली या पद्धतीवर त्यांचे पुस्तकही आले. शिवाय ऑपरेशन संपले की भूल उतरते, जखम मात्र ताजीच असते.

आता वेळेचे. पोटाच्या भिंतीच्या नसा बाजूने पुढे येताना तिथल्या तीन स्नायूंपैकी आतल्या दोघांच्या मधून जातात. तिथे कमरेच्या बाजूने सुई नेण्याची रीत २००१ मध्ये डॉ. रफी यांनी मांडली, तेव्हा सगळी भिस्त हाताला जाणवणाऱ्या 'टक्'वर होती. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर तिन्ही स्नायू एकाखाली एक दिसतात. सुईचे टोक दुसऱ्या-तिसऱ्या थराच्या सांध्यात आले की थोडे औषध सोडायचे. थर अलग होऊन मध्ये भिंगासारखी काळी जागा उघडली, तर सुई बरोबर. स्नायूच फुगू लागला, तर सुई हलवायची. सरावलेल्या हाताला हे काही मिनिटांचे काम आहे. आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते. हा व्याप खरा, पण तो रुग्णालयाने उचलायचा; त्याची किंमत रुग्णाने का मोजावी? मशीन नसेलच, तर पोट शिवण्याआधी सर्जनलाही आतून पाहत हे औषध देता येते.

धोक्याचा आक्षेप गंभीर आहे. बधिरतेचे औषध रक्तात जास्त गेले तर झटके येतात, हृदयही बंद पडू शकते. त्यावर उपाय हिशेबाचा. बुपिव्हॅकेन हे बधिरतेचे औषध किलोमागे २ मिलिग्रॅम धरले, तर ५० किलोच्या रुग्णाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ टक्क्यांचे ४० मिली, दोन्ही बाजूंना वीस-वीस. त्यानंतर सर्जनने जखमेत आणखी टोचले की मर्यादा ओलांडली. म्हणून दोघांनी आधी बोलायचे, सुई अधूनमधून मागे ओढून रक्त येते का पाहायचे आणि उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी ठेवायचे.

'तरीही दुखते' हे अर्धे खरे आहे. हा ब्लॉक पोटाची भिंत बधिर करतो. आतड्यांची, पित्ताशयाची आतली कळ त्याने जात नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये छिद्रांभोवती टोचलेले औषध अनेकदा पुरते. सिझेरियनला पाठीच्या इंजेक्शनातून मॉर्फिन दिले असेल, तर ब्लॉकने फारशी भर पडत नाही. पण उपाय पूर्ण नाही म्हणून टाकायचा, हा कुठला न्याय? पॅरासिटामॉलही एकट्याने पुरत नाही. ते आपण सोडत नाही.

खरी कसोटी पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री लागते. नुसत्या मॉर्फिनवर ठेवलेल्या रुग्णाला मळमळते, गुंगी राहते, श्वास मंदावतो, आतडी सुस्तावतात. आणि वेदना तशीच राहिली, तर तो टाक्यांवर हात दाबून उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचून फुप्फुसाचा तळ मिटतो. ब्लॉकमुळे मॉर्फिन कमी लागते. रुग्ण खोकू शकतो, कूस बदलतो, लवकर पायावर उभा राहतो. ब्लॉकचा असर साधारण अर्धा दिवस टिकतो, म्हणून तो उतरण्याआधीच पुढची वेदनाशामके सुरू करायची.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. पोटावर मोठा छेद असेल आणि एपिड्यूरल (पाठीत बारीक नळी घालून दिलेले बधिरतेचे औषध) दिले जाणार नसेल, तर भुलेच्या जोडीला ब्लॉक हा नियम असावा. तो टाळायचा असेल, तर त्याचे कारण केसपेपरवर लिहावे. आज ब्लॉक देणाऱ्याला 'कशाला?' विचारले जाते. यापुढे हा प्रश्न न देणाऱ्याला विचारला गेला पाहिजे.