घराण्याचे बाड कोणत्या गावी ठेवावे?

२०२५ च्या जुलै महिन्यात वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची मालक नायरा एनर्जी ही कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. तक्रार अशी, की कंपनीतील रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा अचानक बंद केल्या. पैसे भरलेले असूनही कंपनीला आपलाच पत्रव्यवहार उघडता येईना. थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत झाली आणि हे प्रकरण आर्थिक पानांवरच विरून गेले. ते सांस्कृतिक पानावर आणण्याचे कारण असे, की आपल्या बडोद्यातील अनेक जुन्या मराठी घरांत हल्ली एकच उद्योग चालू आहे. माळ्यावरच्या पेट्या उतरवावयाच्या, आजोबांची पत्रे, मोडी कागद, चिजांच्या वह्या, टेपा आणि छायाचित्रे संगणकात घालावयाची आणि घराण्याच्या नावाची एक वेबसाइट काढावयाची. मुले पुण्यास, टोरांटोस, न्यू जर्सीत. त्यांना घरबसल्या पाहता यावे हा हेतू. हेतू उत्तमच आहे. परंतु ही वेबसाइट ज्या यंत्रावर राहावयाची तो सर्व्हर कोणत्या देशात, कोणत्या गावी असावा, हा प्रश्न बहुतेक घरी एखाद्या भाच्यावर सोपविला जातो, आणि जिथे स्वस्त तिथे बिऱ्हाड थाटले जाते.

मला या प्रश्नात रस असण्याचे कारण घरगुती आहे. माझे वडील ऐन विशीत, संस्थानच्या अखेरच्या वर्षांत, दरबारच्या नोकरीत लागले. १९४९ साली विलीनीकरण झाले आणि पुढचे आयुष्य त्यांनी शिकवण्या करून काढले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यांच्यामागे सत्तावीस वह्या आणि काही टेपा राहिल्या. त्या ठेवावयाच्या कुठे, याची चौकशी मी वर्षभर केली.

चौकशीत पहिला सल्ला मिळतो तो वेगाचा: सर्व्हर वाचकाच्या जवळ असावा. हे खरे आहे, आणि त्याचे गणित आम्हां गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना पटकन समजते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई आपल्यापासून चारशे किलोमीटर. तेव्हा निरोप जाऊन उत्तर येण्यास, वाटेतील यंत्रांचा खोळंबा सोडला, तर सेकंदाचे चार सहस्रांश पुरतात. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात सर्व्हरची फार मोठी वस्ती आहे. तिथे जाऊन परत येण्यास, समुद्रातील केबलींची वळणे धरून, दोनशे सहस्रांश किंवा त्याहून अधिक लागतात. शिवाय एक पान उघडावयाचे म्हणजे एकच निरोप नव्हे. आधी पत्ता विचारणे, मग ओळख पटविणे, मग मागणी, अशा तीन-चार खेपा होतात. म्हणजे जवळजवळ पाऊण सेकंद गेला. सिंगापूरची एक खेप साठेक सहस्रांशांची. ही काही मोठी गोष्ट नव्हे. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. लक्ष्मीविलासच्या दरबार हॉलमध्ये गवयापासून वीस मीटरवर बसलेल्या मानकऱ्याला सम तेवढ्याच उशिराने ऐकू येत असे, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही.

मात्र प्रत्यक्ष शिकवणीत हाच उशीर जीव खातो. द्रुत तीनतालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची. न्यू जर्सीतला शिष्य माझ्या ठेक्यावर गाऊ लागला, की त्याचा आवाज माझ्यापर्यंत येईतो मात्रा जवळजवळ संपलेली असते. एकत्र वाजविणाऱ्यांना साधारणतः पंचवीस-तीस सहस्रांशांपलीकडचा उशीर सोसत नाही. येथे सर्व्हर कुठेही नेला तरी पृथ्वीचा घेर कमी होत नाही. म्हणून परदेशी शिष्यांना मी गाऊन दाखवितो, मग ते गातात, ठेका त्यांच्याकडच्या यंत्रावर. लेखी वह्यांना आणि ध्वनिमुद्रणांना या अडचणीचा स्पर्शच नाही. त्यांच्यासाठी वेगाचा प्रश्न सुटलेला आहे, आणि ज्या युक्तीने तो सुटला ती बडोदेकरांना नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून येथे ग्रंथालयांची व्यवस्था लावली, तेव्हा खेड्यातल्या वाचकाने मध्यवर्ती ग्रंथालयात यावे अशी अपेक्षा ठेवली नव्हती. पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव फिरत असत. आज तेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत. मूळ प्रत एका गावी राहते आणि नकला जगभरच्या शहरांत वाचकाजवळ ठेवल्या जातात. छोट्या वेबसाइटला ही सोय पुष्कळदा फुकट मिळते. तेव्हा वेगासाठी सर्व्हरचे गाव निवडण्याचे दिवस आपल्यासारख्यांपुरते सरले आहेत.

मग गाव निवडावे कशासाठी? माझ्या मते दोन गोष्टींसाठी: वस्तू टिकावी म्हणून, आणि ती कोणाच्या हुकमतीत आहे हे आपल्याला ठाऊक असावे म्हणून.

टिकण्याचे पाहू. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची सर्व्हरची पाच मजली इमारत जळाली. लक्षावधी वेबसाइटी बंद पडल्या. ज्यांची राखीव प्रतही त्याच आवारात होती त्यांतील कित्येकांचे सर्वस्व गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी केंद्रास बॅटरीमुळे आग लागली. सरकारी नोकरांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइटांचा साठा नष्ट झाला, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आगही लागावी लागत नाही. मायस्पेस या एकेकाळच्या गाजलेल्या स्थळावर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढविलेली पाच कोटींहून अधिक गाणी सर्व्हर बदलताना गेली. कंपनीने २०१९ साली तसे कबूल केले. त्यांत किती अप्रसिद्ध गवयांचे एकुलते एक मुद्रण असेल! याउलट आपले आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँ. ते १९५० साली बडोद्यातच वारले. पण त्यांच्या तबकड्या कलकत्त्याच्या हिंदुस्थान कंपनीने काढल्या आणि त्या देशभर घरोघर गेल्या, म्हणून खाँसाहेब आजही ऐकावयास मिळतात.

कोणी म्हणेल, मग यंत्र घरातच का ठेवू नये? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने पस्तीस फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा ज्यांच्या तळमजल्यावर पेटी-तबला होता त्यांना विचारावे. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची वीज आणि पावसाळा यांवर घराण्याचे बाड सोपविणे मला धोक्याचे वाटते. घरी एक डिस्क अवश्य असावी, पण माळ्यावर.

दुसरी गोष्ट हुकमतीची. ही जास्त गुंतागुंतीची आहे, आणि नायराचे प्रकरण येथे कामास येते. सर्व्हरचे गाव आणि सर्व्हरच्या मालकाचे गाव हे दोन निरनिराळे पत्ते आहेत. मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे २०१५ साली केंद्रे उघडली, ॲमेझॉनने मुंबईत २०१६ साली, गूगलने २०१७ साली. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल हा पट्टा आज सर्व्हरांनी भरला आहे, कारण समुद्रातील केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि तिथली वीज भरवशाची आहे. परंतु मुंबईत ठेवलेली माहिती अमेरिकन कंपनीजवळ असेल, तर २०१८ च्या अमेरिकन कायद्यानुसार तेथील न्यायालय ती मागू शकते. आपल्या चिजांच्या वह्या मागविण्याची उत्सुकता वॉशिंग्टनला असण्याचा संभव नाही, हे मान्य! पण सेवा बंद करण्याचा निर्णय कोठे होतो, हे वाडीनारवरून दिसले.

आपला कायदा याबाबतीत सैल आहे. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने पैशाच्या देवघेवीची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश काढला. वह्यांना आणि छायाचित्रांना तसे बंधन नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे केंद्र सरकारने मना केलेले देश वगळता माहिती बाहेर ठेवता येते. निव्वळ घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती तर त्या कायद्यातून वगळलीच आहे. संगीतवर्ग चालविणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. शिष्यांची नावे, फोन, शुल्काचा हिशोब हे घरगुती नव्हे, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य तरतुदींस अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. माझ्यापुरते मी ठरविले, की शिष्यांची यादी वेबसाइटवर मुळी चढवावयाचीच नाही. ती कागदावर बरी.

इतके झाल्यावर निवड फारशी कठीण उरली नाही. मूळ वेबसाइट मुंबईस, पण भारतीय मालकीच्या कंपनीकडे. भाडे अमेरिकेपेक्षा थोडे जास्त पडते. तरी तक्रार करावयाची तर मराठीत बोलता येते आणि प्रकरण कोर्टात गेलेच तर कोर्ट आपल्या देशातले असते. दुसरी प्रत हैदराबादेस, वेगळ्या कंपनीकडे. मुंबईने २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिला आहे, म्हणून दुसरे गाव समुद्रापासून दूर हवे. जामनगरला रिलायन्सचे मोठे केंद्र व्हावयाचे आहे. ते गुजरातेत असल्याचा अभिमान मला आहेच, परंतु एका किनाऱ्यावरच्या दोन प्रती मला नकोत. तिसरी प्रत डिस्कवर, पुण्यास बहिणीकडे. दर दिवाळीला ती उघडून पाहावयाची आणि नवी भर घालावयाची, असे ठरले आहे.

राहिला वेबसाइटच्या नावाच्या वार्षिक नोंदणीचा प्रश्न. पुष्कळ घरांत ती एकट्या कर्त्या माणसाच्या नावे आणि त्याच्या एकट्याच्या ईमेलवर असते. तो गेल्यावर स्मरणपत्रे न उघडलेल्या पेटीत पडतात, मुदत संपते आणि ते नाव भलताच कोणी विकत घेतो. आम्ही पाच वर्षांचे पैसे एकदम भरले असून पासवर्ड भाचीजवळही दिला आहे. सत्तावीसपैकी अकरा वह्यांची छायाचित्रे चढली आहेत. टेपांपैकी दोन अजून चिकटलेल्या आहेत.