अगोदर नऊ दाबा!

अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत मार्शल नांवाचें शहर आहे. १ डिसेंबर २०१३ रोजीं तेथील एका हॉटेलच्या खोलींत कॅरी हंट या स्त्रीवर तिच्या विभक्त राहणाऱ्या पतीनें प्राणघातक हल्ला केला. तिची नऊ वर्षांची मुलगी जवळच होती. संकटसमयीं ९११ हा नंबर फिरवावा, हें तिला शिकविलेलें होतें आणि तिनें तो फिरविलाहि. एकदां नव्हे, चार वेळां. फोन लागला नाहीं. त्या हॉटेलांतून बाहेर बोलावयाचें तर अगोदर आणखी एक ९ दाबावा लागे. तें त्या पोरीस कसें ठाऊक असणार? कॅरी हंट त्या हल्ल्यांत मरण पावली.

मुलीचें कांहींच चुकलें नव्हतें. दोष होता तो यंत्राच्या पोटांत लिहून ठेवलेल्या नियमांत. या नियमावलीस ‘डायल प्लॅन’ म्हणतात. कोणता नंबर आला असतां कोणती घंटा वाजवावी, तो बाहेर कोणत्या वाटेनें धाडावा, आरंभींचे किती आंकडे गाळावे, हें सारें तींत असतें. मार्क स्पेन्सर यांनीं १९९९ सालीं ‘अॅस्टेरिस्क’ हें सॉफ्टवेअर रचलें व तें सर्वांस मोफत खुलें केलें. तेव्हांपासून साध्या संगणकावर इंटरनेटवरून चालणारें खासगी एक्सचेंज उभारणें कोणाहि हौशी गृहस्थाच्या आवांक्यांत आलें आहे. वाड्यांतील चार बिऱ्हाडें किंवा डॉक्टरांचा दवाखाना यांस ही सोय उत्तम. मात्र एक्सचेंज घरांत आलें कीं त्याची जबाबदारीहि घरांत येते, आणि तिकडे आमच्या उत्साही तरुणांचें लक्ष अंमळ कमीच असतें.

नियम साच्यांनीं लिहितात. ‘एक्स’ म्हणजे शून्यापासून नवापर्यंत कोणताहि आंकडा, ‘झेड’ म्हणजे एकापासून, ‘एन’ म्हणजे दोहोंपासून. आणि टिंब म्हणजे पुढें जें काय येईल तें सर्व. एकाच नंबरास दोन साचे लागू पडले तर अधिक नेमका साचा चालतो. कोणता आधीं लिहिला हें यंत्र पाहत नाहीं. परंतु एका विभागांत दुसरा विभाग समाविष्ट केला असेल, तर यंत्र प्रथम स्वतःच्या विभागांतील नियम चाळतें आणि तेथें कांहीं न जुळल्यासच दुसरीकडे वळतें. म्हणून मूळ विभागांत ‘एक्स आणि टिंब’ असा सर्वभक्षी साचा ठेवला, तर समाविष्ट विभागांत बिनचूक लिहिलेला ११२ देखील त्याच्या घशांत जातो! संकटकाळचे नंबर मूळ विभागांतच, पूर्ण आंकड्यांनीं लिहावे.

आपल्याकडे आणखी एक निराळा धोका आहे. पहिल्या मजल्यावरील खोल्यांस १०१, १०२ असे क्रमांक देण्याची रीत आहे, व तेच क्रमांक त्या खोल्यांतील फोनांसहि सहज दिले जातात. आतां १०१ हा अग्निशामक दलाचा, १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे आणि ११२ तर सर्वच संकटांचा. रात्रीं स्वयंपाकघरांत गॅसनें पेट घेतला, सूनबाईंनीं १०१ दाबलें आणि घंटा मात्र मामंजींच्या उशाशीं वाजली, तर काय उपयोग? घरांतील नंबर २०१, २०२ असे ठेवावे. बाहेर जाण्यासाठीं शून्य दाबण्याचा प्रघात असेलच, तर ११२ आणि ०११२ हे दोन्ही ११२ लाच पोंचतील असें लिहावें. घाबऱ्या माणसाचा हात सवयीनें कोठें जाईल, याचा नेम नसतो.

उलट बाजूहि संभाळावी. परका पाहुणा ओसरीवर बसतो, माजघरांत शिरत नाहीं. बाहेरून येणाऱ्या फोनांचा विभाग असाच निराळा ठेवावा व त्यांतून बाहेर जाण्याची वाट ठेवूं नये. नाहीं तर कोणी भामटा एका रात्रींत आपल्या खर्चानें परदेशीं फोन लावून मोकळा होतो.

कॅरी हंटच्या वडिलांनीं पुढें चळवळ केली. तिच्याच नांवाचा कायदा २०१८ सालीं संमत होऊन १६ फेब्रुवारी २०२० पासून अमेरिकेंत अमलांत आला. नव्यानें बसविलेल्या अशा यंत्रांतून ९११ हा कोणताहि जादा आंकडा न दाबतां लागलाच पाहिजे, आणि तो फिरवितांच इमारतीच्या कचेरींत किंवा तशाच जबाबदार ठिकाणीं सूचना गेली पाहिजे, असें त्याचें म्हणणें. आम्हांस हें दुसरें कलम फार आवडलें. घरीं ११२ च्या नियमांत थोडी भर घालून वडील मंडळींच्या फोनवर त्याच क्षणीं संदेश पाठवितां येतो. मात्र त्याआधीं, इंटरनेटवरून आलेला ११२ आपला पुरवठादार पुढें पोंचवितो किंवा कसें, हें त्यास स्पष्ट विचारून घ्यावें. तो नाहीं म्हणाला, तर तेवढ्या नंबरासाठीं सिमकार्डाची निराळी वाट यंत्रास जोडून द्यावी लागेल.