नोकरीचा अर्ज आणि अर्जांतला माणूस

पुणें-नाशिक रस्त्यानें नारायणगांवास आलें म्हणजे त्याला खेटूनच वारूळवाडी लागते. जुन्नर तालुक्यांतील हा मुलूख बागायतीचा. टोमॅटो, द्राक्षें व ऊंस यांवर येथील घरें उभीं आहेत. तरी घरांतल्या शिकलेल्या मुलाची दृष्टि शेतावर ठरत नाहीं. ती याच रस्त्यानें दक्षिणेस चाकणच्या कारखान्यांकडे व पुढें पुण्याकडे लागलेली असते. त्याबद्दल आम्ही त्याला दोष देत नाहीं. वांटण्या होऊन जमिनी तुकड्यांवर आल्या, बाजारभावाचा भरंवसा उरला नाहीं. मुलानें नोकरी शोधूं नये तर काय करावें? आमची तक्रार आहे ती नोकरीसाठीं तो जो कागद घेऊन निघतो त्या कागदाविषयीं.

या कागदास आपल्याकडे 'बायोडेटा' म्हणतात. हाच शब्द लग्नाच्या बाजारांतही चालतो, आणि दोन्ही कागद बहुधा एकाच दुकानांत, एकाच संगणकावर तयार होतात. त्यामुळें एकाचे गुण दुसऱ्यांत उतरले आहेत. नोकरीच्या कागदांत धर्म येतो, जात येते, वडिलांचा व्यवसाय येतो, विवाह झाला कीं नाहीं हेंही येतें. यंत्र चालवितां येतें कीं नाहीं, एवढेंच तेवढें राहून जातें. आरंभीं एक उद्दिष्ट असतें: आपल्या कौशल्यास वाव देणाऱ्या प्रगतिशील संस्थेंत काम करून संस्थेचा व स्वतःचा उत्कर्ष साधणें. तें कौशल्य कोणतें, हें खुद्द उमेदवारास विचारूं नये. कारण वाक्य त्याचें नसून त्याच्या आधींच्या गिऱ्हाइकाचें असतें. मग गुणांची माळ: मेहनती, प्रामाणिक, चटकन् शिकणारा, सर्वांशीं मिळून काम करणारा. मग छंद: वाचन, संगीत, क्रिकेट. आणि शेवटीं, वरील सर्व मजकूर आपल्या माहितीप्रमाणें खरा आहे अशी प्रतिज्ञा व तिच्याखालीं सही!

अलीकडे उपदेशकांचा एक वर्ग निघाला आहे. शेंकडों अर्जांत तुमचा अर्ज उठून दिसला पाहिजे, हा त्यांचा मंत्र. त्यासाठीं ते दोन रंगांचे रकाने आंखतात आणि गुणांपुढें ठिपके मांडतात: संगणकज्ञान पांचांपैकीं चार, नेतृत्व पांचांपैकीं साडेचार. नेतृत्व मोजण्याचें हें माप कोणत्या दुकानीं मिळतें? आतां तर यंत्रास सांगितलें कीं यंत्रच सगळा अर्ज लिहून देतें. पण वऱ्हाडांतल्या सगळ्यांनींच एका रंगाचे फेटे बांधले तर उठून दिसावें कोणीं?

नारायणगांवचा टोमॅटोबाजार पाहिलेल्यास हा भ्रम होऊं नये. तेथें सौदा वीस किलोंच्या क्रेटवर होतो. शहाणा व्यापारी वरच्या थराच्या लालीवर भुलत नाहीं. तो हात घालून खालचा माल काढून पाहतो. वर निवडक आणि खालीं फुटका माल भरणाऱ्याचें नांव आडतीवर कसें खराब होतें, हें वारूळवाडीच्या मुलास लहानपणापासून ठाऊक आहे. मग स्वतःचा माल मांडतांना त्यानें नुसता वरचा थरच कां सजवावा?

आणि दुःखाची गोष्ट ही कीं त्याचा खालचा माल चांगला असतो. समजा, एखाद्या मुलानें पदवीचा अभ्यास चालू असतां दोन हंगाम रोज शंभर क्रेट मोजून बाजारांत नेले, आडत्याची पट्टी घरच्या वहीशीं ताडून पाहिली, ठिबकची तुंबलेली नळी व बंद पडलेली मोटर स्वतः दुरुस्त केली, तोडणीच्या दहा मजुरांची हजेरी मांडून मजुरी वांटली. कारखान्याच्या भांडारांत मोजदाद राखणारा माणूस हवा असतां याहून चांगली शिफारस कोणती? पण हें तो लिहीत नाहीं. घरचें काम म्हणून त्याला त्याची लाज वाटते. पत्त्यांतूनही 'वारूळवाडी' गळते आणि 'पुणें' तेवढें उरतें. ज्यानें तो उठून दिसला असता तें आपल्या हातानें खोडून, उठून दिसण्याचे उपाय तो दुकानदारास विचारतो.

१९१३ सालच्या जानेवारींत श्रीनिवास रामानुजन् यांनीं केंब्रिजच्या हार्डी यांस लिहिलेलें पत्र येथें आठवावें. तें नोकरीसाठीं नव्हतें, पण अनोळखी माणसास आपली ओळख करून देणारेंच होतें. आपण मद्रासच्या बंदर-कचेरींत वर्षाला अवघ्या वीस पौंडांवर कारकून आहोंत आणि आपलें विद्यापीठाचें शिक्षण झालेलें नाहीं, हें त्यांनीं प्रारंभींच सांगून टाकलें. पत्राचा सारा भार सोबत जोडलेल्या प्रमेयांवर होता. त्या प्रमेयांनीं पुढल्याच वर्षीं त्यांस केंब्रिजला नेलें. प्रत्येकजण रामानुजन् नसतो हें आम्हांस कळतें; पण उणें न लपवितां केलेलें काम पुढें ठेवणें, एवढें तर कोणासही साधेल.

यावर कोणी म्हणेल कीं मोठ्या कंपन्यांत अर्ज आधीं यंत्र चाळतें. जाहिरातींतले शब्द त्यांत नसले तर तो माणसापर्यंत पोंचतच नाहीं. हें पुष्कळ ठिकाणीं खरें आहे, आणि ते शब्द अर्जांत यावे हें आम्हांसही मान्य आहे. मात्र प्रत्येक शब्दामागें एक घडलेली गोष्ट असावी. मालसाठ्याची नोंद ठेवणारा हवा असेल तर क्रेटांची वही त्याखालीं लिहावी. मुलाखतींत प्रश्न येतो तो त्याच शब्दावर, आणि तेथें उसनें वाक्य मदतीस धांवत नाहीं.

दोष एकट्या मुलाचा नाहीं. पूर्वीं कचेरींत उमेदवारी करणें म्हणजे पुढल्या नेमणुकीच्या आशेवर आधीं काम करून दाखविणें असे. त्यांत पिळवणूक होती व ती पद्धत परत यावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण तेथें निदान माणसाचें काम डोळ्यांनीं पाहिलें जाई. आजचा मालक नवशिक्याच्या जागेस दोन वर्षांचा अनुभव मागतो, शेतांतला अनुभव अनुभवांत धरीत नाहीं, आणि सारे अर्ज सारखेच येतात म्हणून वर कुरकुरतो. खोटें लिहिण्याची शाळा त्यानेंच काढली आहे.

आमचा सल्ला थोडका आहे. कागद एक पुरे. वर नांव, खरा पत्ता व चालू असलेला फोन. त्याखालीं केलेलीं कामें, अलीकडचें आधीं. प्रत्येकापुढें किती, किती दिवस आणि काय निष्पन्न झालें याचा आंकडा. मग शिक्षण. जात, धर्म व लग्न यांचा येथें संबंध नाहीं. प्रत्येक जागेची जाहिरात पुन्हा वाचून अर्ज नव्यानें लिहावा, आणि स्वतःला समजावून सांगतां येणार नाहीं असा एकही शब्द त्यांत ठेवूं नये. पत्त्यांत वारूळवाडी लिहावी. चाकणच्या साहेबास तें गांव ठाऊक नसेल तर तो विचारील. आणि त्या प्रश्नाचें उत्तर मुलाला कोणाकडून लिहून घ्यावें लागणार नाहीं.