१६६१ हे साष्टीचे साल नव्हे

आज महाशिवरात्र. बोरिवलीच्या मंडपेश्वरास, जोगेश्वरीच्या लेण्यांस आणि कान्हेरीस भाविकांची रीघ लागेल. बेल वाहून परतणाऱ्या एखाद्यास मुंबईचा इतिहास केव्हापासूनचा असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळेल : १६६१. पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात इंग्लंडच्या राजास मुंबई आंदण मिळाली, ते साल.

हे उत्तर कुलाब्यापासून माहीमपर्यंतच्या बेटांपुरते ठीक आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावे त्या आंदणात नव्हतीच. ती साष्टी बेटातली. इंग्रजांनी साष्टीवरही हक्क सांगून पाहिला. पोर्तुगीजांनी ती सोडली नाही, आणि पुढे पाऊणशे वर्षे येथे त्यांचाच अंमल चालला. मंडपेश्वराच्या लेण्यात त्यांनी सोळाव्या शतकातच चर्च थाटले होते. लेण्यावरील मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत.

साष्टीचे खरे साल १७३७. त्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि बेटाचा बहुतेक भाग त्यांच्या हाती आला. मंडपेश्वरी पुन्हा शिवपूजा सुरू झाली ती मराठ्यांच्या अमलात. परंतु दोनच वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि त्या विजयाच्या तेजात ठाण्याची मोहीम दिसेनाशी झाली. वसईची तरी गत काय? १७३९ च्या मार्चमध्ये नादिरशहाने दिल्लीत कत्तल मांडली, पुढे मयूरासनही लुटून नेले. वसई पडली त्याच वर्षीच्या मे महिन्यात. जगाच्या इतिहासात १७३९ म्हणजे नादिरशहा. वसईस तेथे फार तर तळटीप.

पुढचा प्रसंग याहून विलक्षण. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली. १७७६ च्या पुरंदरच्या तहात ती त्यांच्याकडेच राहिली आणि १७८२ मध्ये सालबाईस त्यावर शिक्कामोर्तब झाले. १७७६ म्हणताच आमचे विद्यार्थी अमेरिकेचे स्वातंत्र्य सांगतात. सांगावेच. पण तिकडे तेरा वसाहती इंग्रजांच्या हातून निसटत असता इकडे आपल्या शाळेखालची जमीन त्यांच्या मुठीत जात होती, हे त्यांस कोणी सांगावयाचे?

ही साले एकाच समाजाच्या अभिमानाची मानणे मात्र आम्हांस मंजूर नाही. गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबेही याच साष्टीची. १७३७ ची आठवण त्यांच्या घरी वेगळ्या सुरात निघाली, तर तीही ऐकून घ्यावी. कान्हेरीत तर इ. स. १००९ चा पारशी यात्रेकरूंचा पहलवी लेखही कोरलेला आहे.

आमची सूचना साधी आहे. उपनगरांतील शाळांनी मुलांस वर्षातून एकदा मंडपेश्वरी न्यावे व ही साले तेथेच सांगावीत. आज सहकुटुंब दर्शनास जाणाऱ्यांस शाळेची वाट पाहण्याचेही कारण नाही. दर्शन झाल्यावर बाहेर येऊन वर पाहावे. मठाच्या भिंती समोरच आहेत.